सतरानंतर थेट बेचाळीस

माझ्या मामाला काहीही विचारलं की तो म्हणतो, "ते पुढे येतंय."

ही सवय त्याला लागली कंपनीत. गाद्या बनवणारी कंपनी आहे ती. स्प्रिंगच्या गाद्या, फोमच्या, काथ्याच्या, आणि पाठदुखीवाल्यांसाठी खास वेगळ्या. म्हणजे असतात इतर गाद्यांसारख्याच, पण त्यांच्या खोळीवर मणक्याचं चित्र असतं. मामा तिथे विक्री विभागाचा उपप्रमुख होता. उपप्रमुख म्हणजे, प्रमुख जागेवर नसले की 'प्रमुख कुठे गेले' असं ज्याला विचारतात तो माणूस. प्रत्यक्ष गाद्या विकण्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. त्या दुकानदार विकत. मामा प्रेझेंटेशन देत असे. दर महिन्याला, दर तिमाहीला, वर्षअखेरीला, कोणी नवीन कामावर आलं तर त्याला, आणि कोणीच नवीन आलं नाही तर जुन्यांना.

प्रेझेंटेशनमध्ये कोणी हात वर करून विचारी, "साहेब, ह्या तिमाहीत परत आलेल्या गाद्या किती?" मामा पडद्याकडे बोट दाखवून, लहान मुलाला समजवावं तितक्या मायेनं सांगे, "ते पुढे येतंय." पुढे ते येत नसे. पुढे चहा येई. चहा आला की लोक खुर्च्या मागे सारत उठत आणि प्रश्न बिस्किटासारखा कपातच विरघळून जाई. अशी वीसेक वर्षं गेली. कंपनीत त्याचं नावच पडलं, पुढेयेतंय साहेब. तोंडावर नुसतं 'साहेब', पाठ फिरली की पूर्ण नाव.

घरीही तेच. माझी मामी एका दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांना 'श्वास रोखा, हलू नका' सांगून सांगून तिचं बोलणंही तसंच झालंय, आखूड आणि हुकमी.

"अहो, टाकी गळतेय. प्लंबरला सांगितलंत?"

"ते पुढे येतंय."

पुढे आधी पाणी आलं, मग खालच्या मजल्यावरचे शेजारी आले.

मी तेव्हा शिकायला त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे थोरलीशी माझी चांगली ओळख. थोरली ही मुलगी नव्हे. थोरली म्हणजे मामाच्या लॅपटॉपमधली फाईल. मूल त्यांना एकच, माझा मामेभाऊ. तो परगावी शिकतो आणि त्याचा वाढदिवस मामीला दरवर्षी मामाच्या कानात सांगावा लागतो. थोरलीचं मात्र मामाला सगळं तोंडपाठ. तिच्यात एकशे चौऱ्याऐंशी स्लाइड्स. मामानं नवं प्रेझेंटेशन असं कधी केलंच नाही. जे सुचलं ते थोरलीत घातलं, आणि जे लागलं ते थोरलीतून काढलं. घातलेलं पुसायचं म्हणाल, तर ते त्याच्या रक्तात नव्हतं. त्यामुळे तिच्या पोटात एकाच आलेखाच्या तीन रंगांतल्या तीन प्रती होत्या. कोट घातलेले दोन हात एकमेकांना मिळालेले, असं चित्र नऊ ठिकाणी. 'प्रश्न?' अशी अक्षरं आणि शेजारी डोकं खाजवणारा पिवळा माणूस, हा तर जागोजागी. शेवटाकडे विभागाच्या सहलीचे फोटो. त्यांतल्या निम्म्यांत माणसांपेक्षा फोटो काढणाऱ्याचा अंगठा जास्त स्पष्ट. मध्येच एक स्लाइड अख्खी रिकामी. तिच्याबद्दल मी एकदा विचारलं.

"ती श्वास घ्यायला," मामा म्हणाला.

"कोणाला?"

"मला."

प्रत्येक स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात खाली निळा गोल, आणि गोलात आकडा: '१२ / १८४'. आधीचा आकडा कॉम्प्युटर आपोआप घाली, मागचा मामानं स्वतः हौसेनं बसवला होता. "ऐकणाऱ्याला कळायला नको, अजून किती राहिलंय?" ऐकणाऱ्याला ते कळे, आणि तिथेच तो बसल्या जागी कलंडे. कंपनी गाद्यांची असल्यानं ह्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

तर विक्रीचे प्रमुख निवृत्त व्हायचे ठरले आणि मामाचं जेवणावरचं लक्ष उडालं. ह्याआधी दोन प्रमुख येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा मामाच्या वाट्याला 'पुढच्या वेळी तुम्हीच' आलं होतं. आता पुढची वेळ शिल्लक नव्हती. ही खुर्ची हुकली तर उपप्रमुख म्हणूनच घरी यायचं, आणि तोवर हाताखाली काम करायचं ते टवटवीतच्या.

टवटवीत म्हणजे जाहिरात विभागातली बाई. संध्याकाळी ऑफिस सुटतानासुद्धा ती नुकतीच वेष्टनातून काढल्यासारखी दिसे म्हणून हे नाव. ठेवलं अर्थात मामानं. प्रमुखपदासाठी तिचंही नाव चाललं होतं. वर तिनं कँटीनमध्ये चारचौघांत सांगून टाकलं होतं की, आपल्या विभागात प्रेझेंटेशन बंद, काय असेल ते एका पानावर लिहा.

"एका पानावर," मामा घरी येऊन म्हणाला. बूटही काढले नव्हते. "माणसाची वीस वर्षं एका पानावर मावतात का गं?"

"मावतात," मामी म्हणाली. "मी रोज बघते. छातीसकट मावतात."

मामाची सगळी भिस्त होती मुलाखतीवर. कंपनीच्या मालकीणबाईंसमोर उभं राहायचं, थोरली उघडायची आणि पहिल्या स्लाइडपासून सुरुवात करायची. त्याची आरशासमोर तालीमही सुरू झाली होती. एवढ्यात मालकीणबाईंच्या सेक्रेटरीचा फोन आला. हा गृहस्थ कायम कुजबुजत बोलतो, शेजारच्या खोलीत कोणी आजारी झोपलंय अशा आवाजात.

"साहेब, मॅडम म्हणतायत प्रेझेंटेशन नको. तुम्ही दोघांनीही आपापल्या कामाच्या निवडक स्लाइड्स पाठवा. दहाबारा पुरे. पीडीएफ करून. त्या वाचतील आणि ठरवतील."

"वाचतील? मग मी बोलायचं कधी?"

"बोलायचं नाहीये, साहेब. म्हणून तर पीडीएफ."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ताटांच्या जागी लॅपटॉप आला. तासाभरात मामानं दोन स्लाइड्स बाजूला काढल्या आणि त्यांतली एक परत आत घेतली. मामीनं खुर्ची ओढली.

"सरका. दाखवा एकेक. हा डोंगरावर झेंडा घेऊन उभा आहे तो कोण?"

"तो कोणी नाही. ते यश आहे."

"उतरवा त्याला खाली."

"अगं, तो आठ वर्षं तिथे उभा आहे."

"मग दमला असेल. उतरवा. हे बाण कुठे चाललेत?"

"वर."

"ते दिसतंय. काय चाललंय वर?"

मामानं चष्मा वरखाली करून पाहिलं. "काहीतरी होतं. पूर्वी खाली अक्षरं होती. आता बाणच राहिलेत. पण चढण बघ ना किती सुरेख आलीय."

"काढा."

"मामा, ही रिकामी?" मी विचारलं.

"ती राहू दे."

"ती काढा," मामी म्हणाली. "वाचताना ज्यानं त्यानं आपापला श्वास घ्यावा."

असं भांडत, रुसत, मधे एकदा मामा लॅपटॉप मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिला, आणि शेवटी अकरा उरल्या. तिसरी, आठवी, सतरावी, मग एकदम बेचाळिसावी, आणि अशाच उड्या मारत पुढच्या. ह्या मात्र कामाच्या होत्या. चार शहरांत नवी दुकानं कशी जोडली, माल वेळेत पोचत नव्हता तो कसा पोचवला, कोणती गादी कोण घेतं आणि का. मामीनं त्या अकराही लक्ष देऊन वाचल्या.

"अहो, म्हणजे तुम्ही खरोखर काम करत होतात."

हे कौतुक की पंचनामा, ते मामाला कळेना. त्यानं कौतुक धरलं.

आता तेवढ्याच अकरांची पीडीएफ करायची. त्यासाठी डाव्या बाजूच्या चिमुकल्या चित्रांतून एकेक स्लाइड निवडावी लागते, आणि निवडून होईपर्यंत कंट्रोलचं बटण दाबून धरावं लागतं. बोट सुटून भलतीकडे क्लिक झालं की सगळी निवड पुसली जाते, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेला मामाची निवड शिंकेनं गेली. दुसऱ्या खेपेला दारावरची बेल वाजली आणि तो सवयीनं उठला. तिसऱ्या खेपेला डाव्या हाताचं बोट बटणावर, उजवा हात माउसवर, आणि मान अशी ताठ की जणू डोक्यावर घागर.

"नाक खाजतंय," तो ओठ न हलवता म्हणाला.

"हलू नका." मामीनं त्याचं नाक खाजवलं. "किती राहिल्या?"

"चार."

"श्वास रोखा."

अकरावी निवडली गेली. छपाईच्या चौकटीत 'सर्व स्लाइड्स' होतं तिथे 'निवडलेल्या' केलं, प्रिंटरच्या जागी पीडीएफ केलं आणि बटण दाबलं. फाईल तयार झाली. उघडून पाहिली, अक्षरन् अक्षर जागच्या जागी. मामाला स्फुरण चढलं. "ही आता बंद पेटी," तो मला सांगू लागला. "आत कोणाला बोट लावता येत नाही. आणि पाठव हवी तर शंभर जणांना, जशीच्या तशी पोचणार."

खरं होतं त्याचं. जशीच्या तशीच पोचली. कोपऱ्यातल्या निळ्या गोलांकडे आम्हा तिघांपैकी एकाचंही लक्ष गेलं नाही. रोजचा माणूस दारातून गेला तर आपण मान वर करतो का? त्या अकरा स्लाइड्स आधी वेगळ्या फाईलमध्ये घेतल्या असत्या तर आकडे निदान ओळीनं पडले असते. थोरलीतूनच थेट काढल्यामुळे प्रत्येकीनं आपला माहेरचा आकडा बरोबर नेला.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीचा फोन.

"साहेब, मॅडम विचारतायत, सतरानंतर थेट बेचाळीस कसं?"

"म्हणजे?"

"खाली आकडे आहेत ना. एकशे चौऱ्याऐंशीपैकी सतरा. पान उलटलं की एकशे चौऱ्याऐंशीपैकी बेचाळीस. मधल्या स्लाइड्समध्ये काय आहे?"

मधल्या स्लाइड्समध्ये काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन रंगांतला तो आलेख, मिळालेले हात, पिवळा माणूस. हे असं फोनवर सांगायची मामाला लाज वाटली.

"त्या..." तो म्हणाला, "त्या पाठवण्यासारख्या नाहीत हो."

पलीकडून नेहमीपेक्षाही हळू आवाजात, "समजलो, साहेब."

तो काय समजला ते दुपारपर्यंत अख्खी कंपनी समजली. मामाची पीडीएफ तशी सगळ्या विभागांच्या प्रमुखांकडे मत द्यायला गेलेलीच होती. तोवर एकानंही उघडली नव्हती. पुढेयेतंय साहेबांच्या स्लाइड्स आपणहून कोण वाचणार? आता सगळ्यांनी उघडली, आणि स्लाइड्स सोडून फक्त आकडे वाचले. सतरा ते बेचाळीस म्हणजे परत आलेल्या गाद्या, असं गोदामाचं मत पडलं. अठ्ठ्याऐंशीच्या पुढची मोठी उडी म्हणजे आपणच, हे हिशेब विभागानं आपल्या मनाशी ठरवलं, आणि का ठरवलं ते कोणी कोणाला विचारलं नाही. लिफ्टमध्ये कोणीतरी म्हणालं की त्यात कमी करायच्या माणसांची नावं आहेत. वीस वर्षं ज्याच्या बोलण्याला कोणी कान दिला नाही, त्याच्या न बोलण्यातला शब्दन् शब्द लोक टिपून घ्यायला लागले.

"आज गोदामवाल्यानं मला बसायला खुर्ची दिली," मामा घरी येऊन म्हणाला. "स्वतःची."

"का?"

"म्हणाला, साहेब, तो भिजलेला माल, तुम्ही तेही घातलंय का त्यात? मी म्हटलं, कुठला भिजलेला माल? तर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, तुमचे उपकार विसरणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? चहा घेतला."

टवटवीत तर दुसऱ्या दिवशी त्याच्या केबिनमध्येच आली. आयुष्यात पहिल्यांदा. मामाच्या म्हणण्याप्रमाणे जरा कोमेजलेली होती.

"सर, एक विचारू? माझ्यावर किती स्लाइड्स आहेत?"

"तुमच्यावर? एकही नाही."

"सर, प्लीज. खरं सांगा."

"खरंच एकही नाही हो."

ती उठली, दारापर्यंत गेली, आणि दाराची मूठ धरून म्हणाली, "म्हणजे इतकं आहे."

मामीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तुमच्या मुठीत पिवळा माणूस आहे, एवढं विसरू नका."

"मी मुद्दाम झाकली का?"

"मग उघडा. उद्या जाऊन सांगा, की बाबांनो, मधे काही नाही."

"काही नाही?" मामानं आवाज चढवला. "खुर्चीचं ठरायचं त्याच आठवड्यात जाऊन सांगू, की माझ्या एकशे चौऱ्याऐंशीतल्या एकशे त्र्याहत्तरांत काही नाही? हसून हसून मरतील. आणि नाही सांगितलं तर म्हणतील, चोर आहे, लपवतोय."

पेच खराच होता. उघडली तर हसं, झाकली तर संशय, आणि दोन्हीकडून खुर्ची टवटवीतची. त्यातच निरोप आला: मॅडमनी बोलावलंय, सगळी फाईल घेऊन या.

मामीनं सुचवलं की निदान सहल आणि ते मिळालेले हात तरी जाण्याआधी पुसून टाका. मामा लॅपटॉप उघडून बसला आणि पहिलीच स्लाइड पुसताना थांबला.

"नाही जमणार. एक पुसली की पुढचे सगळे आकडे एकेक घरानं मागे येतात. मॅडमकडे कागदावर बेचाळीस आहे. इथे एक्केचाळीस दिसलं की मेलोच."

थोरली जशी होती तशीच गेली.

पुढचं मी मामाच्या तोंडून ऐकलंय. त्यात तो स्वतःला थोडा उंच आणि आवाज थोडा खर्जातला दाखवतो, तेवढं वजा करून घ्या.

मालकीणबाई लाकडी खुर्चीवर बसतात. पाठीला उशी नाही, बुडाखाली आसन नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना मऊ विकलेल्या बाईला स्वतःला कडकच लागतं. त्यांनी सेक्रेटरीला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं. मामानं लॅपटॉप टेबलावर ठेवला.

"उघडू नका," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगा. ह्यात काथ्याचं आहे?"

काथ्याच्या गाद्या कंपनी बनवते, ह्यापलीकडे काथ्याचं मामाला काहीही ठाऊक नव्हतं. डोकं बंद झालं. पण जीभ वीस वर्षं ज्या वाटेनं गेली होती, त्या वाटेनं एकटी निघाली.

"ते पुढे येतंय, मॅडम."

मालकीणबाईंनी पेपरवेट हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं.

"आणि आमच्या जावयांचं?"

"तेही पुढे येतंय."

"कुठे?"

आकडा विचारल्यावर मामाला हायसं वाटलं. आकडे त्याला पाठ. "एकशे अकरापासून, मॅडम." एकशे अकरापासून सहल सुरू होते. जावई खरंच त्या सहलीला आले होते आणि दोन फोटोंत आहेत, अंगठ्याच्या मागे. म्हणजे मामा अवाक्षर खोटं बोलला नाही, आणि हे तो आजही शपथेवर सांगतो.

"हे सगळं किती जणांनी पाहिलंय?"

"पूर्ण कोणीच नाही, मॅडम. शेवटपर्यंत कोणी टिकतच नाही."

मामानं हे खंत म्हणून सांगितलं. मालकीणबाईंचा चेहरा पांढरा झाला.

"तुम्हाला काय हवंय?"

"प्रमुखपद, मॅडम," मामा भाबडेपणानं म्हणाला. "त्यासाठीच तर पाठवल्या."

"मिळालं." त्या उभ्या राहिल्या. "पण एक अट. ही फाईल ह्यापुढे कोणालाही दाखवायची नाही. एक स्लाइडसुद्धा नाही. तुमचं प्रेझेंटेशन देणं आजपासून बंद. खुर्चीवर बसायचं, सह्या करायच्या, आणि तोंड मिटून राहायचं."

त्या रात्री मामानं आइस्क्रीमचा डबा आणला. मी आणि मामी वाटीत वाढून घेत होतो, तो डब्यातूनच खात होता.

"म्हणजे तुम्ही तिला धमकावलंत," मामी म्हणाली.

"मी? मी नेहमीचंच बोललो."

"आजवर कोणी ऐकत नव्हतं."

"पण मामा, काथ्याचं आहे तरी काय?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक?"

"मग आता शोधून काढशील? आता तर तूच प्रमुख."

मामा डब्याच्या कडेचं खरवडू लागला. मामीनं वाटी खाली ठेवली. "माझ्याकडे रोज पाठीचे एक्स-रे काढायला माणसं येतात. उद्यापासून विचारते, कुठल्या गादीवर झोपता म्हणून."

"काही विचारू नकोस," मामा चटकन म्हणाला. वीस वर्षांत इतकं सरळ उत्तर त्यानं पहिल्यांदा दिलं.

मामा प्रमुख झाला. मोठी केबिन, फिरती खुर्ची, दारावर पाटी. फक्त सोमवारच्या बैठकीत बाकीचे उभे राहून दाखवत आणि तो बसून बघे. कोणाचा आलेख भलत्या रंगात आला की त्याचा हात रिमोटकडे जाई आणि अर्ध्यावरून परत येई. अट आठवून तो ओठ घट्ट मिटून घेई, आणि समोरचा घाबरून आपलेच आकडे पुन्हा तपासू लागे. गप्प राहण्यानं त्याचा दरारा वाढत गेला. एका रविवारी त्यानं मला हळूच बोलावून थोरली उघडली, निदान बाणांपर्यंत तरी बघ म्हणाला, तर आतून मामीचा आवाज आला, "अहो, 'कोणालाही' असं ठरलंय." त्यानं झाकण मिटलं. माझा हा मामा नुसता बसून राहिलेला मला बघवत नव्हता, आणि तो बोलत होता तेव्हा ऐकवत नव्हता, हेही खरं.

धडा घेतला तो टवटवीतनं. तिच्या पुढच्या अहवालाची पीडीएफ नऊ पानांची आली आणि आकडे होते दोन, पाच, एकतीस, साठ, असेच उड्या मारत. मग गोदामानं पाठवली, ती अडतीसपासून सुरू होणारी. हिशेबवाल्यांनी एकच पान पाठवलं, त्यावर दोनशेपैकी एकशे नव्याण्णव. वर्षभरात असं झालं की सलग आकड्यांची पीडीएफ आली तर लोक ती बाजूला टाकत. ज्याच्याकडे गाळण्याजोगंही काही नाही तो माणूस काम तरी काय करत असणार? ज्यांच्याकडे मुळात दहाच स्लाइड्स होत्या ते आकडे हातानं घालू लागले.

मामा ह्या सगळ्या पीडीएफ छापून घरी आणतो. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा टवटवीतची दोन पानं शेजारी शेजारी ठेवून तो बसला होता. पानं वाचत नव्हता. दोन पानांच्या मधल्या टेबलाच्या लाकडाकडे बघत होता.

"सहानंतर थेट सत्तावन्न," तो म्हणाला. "पन्नास स्लाइड्स मधे गाळल्यात. माझ्यावर किती असतील?"

"मामा, काही नसतं रे मधे. तुझ्या मधे काय होतं, तुला माहीत नाही का?"

"माझ्या मधे काही नव्हतं. म्हणून हिच्याही मधे नसेल, असं थोडंच आहे?"

"अहो, जेवायला या," मामी म्हणाली. तो आला, पण पानं बरोबर घेऊन.

पुढच्या आठवड्यात टवटवीत विक्री विभागाची उपप्रमुख झाली. शिफारस मामाचीच. कारण लिहायच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं: कामाचा आवाका मोठा.